जर्मनीत कंपनीचा डॉक्टर: काम, कायदा आणि तिथवरचा रस्ता

प्रश्न थोडक्यात असा. एमबीबीएसनंतर एएफआयएच (औद्योगिक आरोग्याचा छोटा अभ्यासक्रम) केलेलं, चाकणजवळच्या कारखान्यात चार वर्षं मेडिकल ऑफिसर, नवऱ्याची नोकरी श्टुटगार्टला आणि जर्मन भाषा बी1 पातळीपर्यंत झालेली. तिथे ‘आर्बाइट्समेडिट्सीन’, म्हणजे व्यवसायजन्य आरोग्याच्या शाखेत उभं राहता येतं का, रोजचं काम कसं असतं आणि किती वर्षं लागतात?

उभं राहता येतं. या शाखेत तिथे डॉक्टरांची टंचाई आहे आणि सध्या काम करणाऱ्यांपैकी बरेच जण निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. पण वर्षांचा हिशेब नंतर बघू. आपल्याकडून जाणाऱ्या डॉक्टरचा पाय पहिल्यांदा घसरतो तो फिटनेस सर्टिफिकेटवर, म्हणून सुरुवात तिथून.

आपल्याकडे कंपनीच्या डॉक्टरचं काम बहुतेकांच्या मनात एका कागदाशी जोडलेलं असतं: कामगार तपासायचा, ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ लिहायचं, सही-शिक्का मारून कागद एचआरकडे द्यायचा. जर्मनीतला कंपनीचा डॉक्टर, म्हणजे ‘बेट्रीब्सआर्ट्स्ट’, रोजच्या प्रतिबंधक तपासणीत असा निकाल देतच नाही. तपासणी झाल्यावर कंपनीकडे जातो तो जेमतेम चार ओळींचा कागद: अमुक व्यक्ती, अमुक कारणासाठी, अमुक तारखेला आली होती, पुढची भेट अमुक महिन्यात. रक्तदाब नाही, साखर नाही, ‘काम करण्यास योग्य’ हे शब्दही नाहीत. अनवधानाने जरी तिथे ‘योग्य’ लिहिलंत तरी ती चूक धरली जाते, कारण तो शब्द लिहिण्याचा अधिकार त्या भेटीत तुम्हाला नसतो.

हे असं का, ते कळायला थोडा इतिहास लागतो. जर्मनीत कारखान्यात डॉक्टर नेमण्याची प्रथा जुनी आहे. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीने 1866 मध्येच कार्ल क्नाप्स यांना नेमलं होतं. फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी 1895 मध्ये फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं मांडलं, आणि रंगकारखान्यातलं काम व कर्करोग यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे समोर आला. बव्हेरियाने 1909 मध्ये फ्रान्झ कोल्श यांना सरकारी औद्योगिक डॉक्टर म्हणून नेमलं. 1925 मध्ये व्यवसायजन्य रोगांची पहिली सरकारी यादी निघाली, तिच्यात 11 रोग होते. इथपर्यंत चढती कमान दिसते. नाझी राजवटीत मात्र कारखान्यातले डॉक्टर राजवटीच्या कामगार संघटनेशी बांधले गेले आणि आजारी रजा घटवणं, माणसाला लवकरात लवकर मशीनवर परत उभं करणं ही त्यांची ओळख झाली. डॉक्टर कंपनीचा माणूस आहे असं कामगाराला वाटलं की तो खोकला लपवतो, हाताची खाज लपवतो, आणि मग त्या डॉक्टरचा उपयोग संपतो.

कंपनीच्या डॉक्टरांबद्दलचा आजचा कायदा 12 डिसेंबर 1973 चा, 1 डिसेंबर 1974 पासून लागू. त्याचं बोलीतलं नाव ‘आझिग’. त्यातली तीन कलमं पाठ असायला हवीत. कलम 3 मध्ये तुमची कामं आहेत आणि शेवटी स्पष्ट लिहिलंय की कामगाराची आजारी रजा खरी की खोटी हे तपासणं तुमचं काम नाही. कलम 8 सांगतं की वैद्यकीय निर्णयात तुम्हाला कोणी हुकूम देऊ शकत नाही, तुम्ही थेट आस्थापनाच्या प्रमुखाशी जोडलेले असता, मधल्या एचआर मॅनेजरच्या हाताखाली नसता. कलम 9 नुसार नोकरीतल्या डॉक्टरला नेमायला आणि काढायला कामगारांनी निवडलेल्या मंडळाची, ‘बेट्रीब्सराट’ची, संमती लागते. गोपनीयता मोडली तर फौजदारी कायद्याचं कलम 203 आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. एचआरचा फोन येतो, ‘डॉक्टर, त्याला नक्की काय झालंय?’ तेव्हा उत्तर एकच: ‘ते त्यांनाच विचारा.’

आता तपासण्यांचं वर्गीकरण. 2008 चा नियम, 2013 मध्ये दुरुस्त झालेला, ‘आर्बमेडफाउफाउ’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्यात भेटी तीन प्रकारच्या. पहिली अनिवार्य: ती झाल्याशिवाय कंपनी त्या माणसाला त्या कामावर ठेवू शकत नाही. दुसरी, कंपनीने देऊ करायची. घ्यायची की नाही हे कामगार ठरवतो. तिसरी कामगाराने स्वतःहून मागायची, आणि कामामुळे तब्येतीला धोका होण्याची शक्यताच नसेल तेवढा अपवाद सोडला तर ती कंपनीने द्यायलाच हवी.

कुठली भेट कधी, हे आकड्यांवर ठरतं. आवाजाची पातळी 85 डेसिबल किंवा जास्त असेल तर अनिवार्य, 80 च्या वर गेली तर देऊ करायची. इथे कानातल्या प्लगचा फायदा धरत नाहीत. प्लगमुळे कानापर्यंत कमी आवाज पोचतो हे खरं, पण नियम मोजतो तो हवेतला आवाज. हात ओले राहण्याचं काम रोज नियमित चार तास किंवा जास्त असेल तर अनिवार्य, दोन तासांच्या वर असेल तर देऊ करायची. बेकरीत पिठाची धूळ घनमीटरला 4 मिलिग्रॅमच्या वर गेली तर अनिवार्य. वेल्डिंगच्या धुराला हीच रेषा 3 मिलिग्रॅमवर. पहिली भेट काम सुरू करण्याआधीच्या तीन महिन्यांत, दुसरी बहुतेक धोक्यांसाठी बारा महिन्यांच्या आत (त्वचेला किंवा श्वासमार्गाला ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांसाठी सहा), नंतरच्या जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांच्या अंतराने.

अनिवार्य म्हणजे काय, यावरही गफलत होते. येणं आणि बोलणं अनिवार्य आहे. अंगाला हात लावणं, रक्त काढणं हे कामगाराच्या इच्छेविरुद्ध करता येत नाही. तो आला, सल्ला ऐकला, ‘रक्त देणार नाही’ म्हणाला, तरी भेट पूर्ण झाली आणि दाखला द्यायचा. म्हणून या शाखेत स्टेथोस्कोपइतकंच महत्त्व प्रश्न विचारण्याच्या पद्धतीला आहे. आठवडाभर काय काय उचलता, कुठल्या मशीनवर किती वेळ, शिफ्ट कुठली, घरी काय करता, सुट्टीत त्रास कमी होतो का, हे विचारायलाच अर्धी भेट जाते, आणि जायलाच हवी.

काही कामांत ‘योग्य की अयोग्य’ हा प्रश्न विचारावाच लागतो, उदाहरणार्थ बसचालक. ती तपासणी वेगळी, तिचा कायदेशीर आधार वेगळा. दोन्ही एकत्र करू नयेत असं नियमच म्हणतो. नाइलाजाने एकाच दिवशी केल्या तर आधी कामगाराला सांगायचं की आता या क्षणापासून तपासणीचा हेतू बदलतोय. फायलीही वेगळ्या ठेवा.

मग गप्प बसायचं आणि चार ओळींचा कागद द्यायचा, एवढंच? तिथेच या शाखेचं खरं काम सुरू होतं. तपासण्यांमधून तुम्हाला दिसलं की कारखान्यातले संरक्षक उपाय पुरे पडत नाहीत, तर ते कंपनीला कळवणं आणि उपाय सुचवणं बंधनकारक आहे. कुणाचंही नाव न घेता. कामगाराला ते काम सोडणंच भाग असेल तर तशी शिफारस कंपनीकडे जाते, पण त्याची संमती असेल तरच. माणूस झाकायचा आणि मशीन उघडं पाडायचं, असा हा व्यवहार आहे.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण धातुकामाच्या कारखान्यांत हे सारखं भेटतं. लेथ आणि मिलिंगच्या विभागातून दोन महिन्यांत तीन ऑपरेटर येतात. तिघांच्या बोटांच्या बेचक्यात कोरडी, खवल्यांसारखी सुटलेली त्वचा, एकाच्या अंगठीखाली लाल चट्टा. तीन आठवड्यांच्या सुट्टीत बरं झालं, कामावर आल्यावर काही दिवसांत परत. हे पॅटर्न ओळखीचं आहे: मशीनमधलं कुलंट, म्हणजे धातू कापताना थंडावा देणारा द्रव. इथे मलम लिहून देऊन थांबलात तर चौथा ऑपरेटर येईल. सुरक्षा तज्ज्ञाला, म्हणजे ‘सिफा’ला, सोबत घेऊन मशीनपाशी जायचं.

आधी कुलंटची नोंदवही मागायची. पाण्यात मिसळलेल्या कुलंटची तीव्रता, सामू आणि नायट्राइट आठवड्याला एकदा तपासून लिहिलेलं असायला हवं. तीव्रता हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात. भिंगातून दिसणारा आकडा ही तीव्रता नसते, उत्पादकाच्या माहितीपत्रात दिलेल्या गुणकाने त्याला गुणावं लागतं. हा गुणकार विसरणं ही सर्रास चूक. वहीत वर्षभर चुकीचे आकडे सुबक अक्षरात लिहिलेले असतात. दुसरं, स्लाइडवेचं, म्हणजे मशीनच्या सरकत्या भागांचं, तेल गळून कुलंटवर तरंगत असेल तर भिंगातली रेषा पुसट दिसते आणि वाचन चुकतं. नमुना तवंग बाजूला सारून घ्यायचा.

उन्हाळ्यात किंवा गरम मशीनवर पाणी उडून जातं आणि तीव्रता आपोआप चढते. त्वचेवरचं तेलाचं आवरण निघून जायला एवढं पुरतं. उलट नुसतं पाणी ओतून भर घातली तर तीव्रता पडते, जिवाणू वाढतात, सामू उतरतो, सोमवारी सकाळी हॉलमध्ये सडका वास येतो. मग कोणीतरी जंतुनाशक जास्त ओततो, आणि तेच त्वचेला ॲलर्जी देतं. भर घालायची ती पातळ तयार मिश्रणाची, आणि मिसळताना नेहमी कुलंट पाण्यात ओतायचं, पाणी कुलंटमध्ये नाही.

नायट्राइटची पट्टी लिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर दाखवत असेल तर नुसती नोंद करून चालत नाही. नायट्राइट आणि अमाइन नावाची काही रसायनं मिळून नायट्रोसामाइन बनतात, त्यातले काही कर्करोगकारक आहेत. कुलंट अंशतः किंवा पूर्ण बदलायचं. कारणही शोधायचं: पाण्यातच नायट्रेट जास्त आहे का, टाकीत सिगारेटची थोटकं आणि उरलेलं खाणं पडतंय का.

त्यानंतर माणसांकडे बघायचं. हात पुसायच्या कापडात धातूचे बारीक कण अडकलेले असतात, ते कापड म्हणजे त्वचेवर सँडपेपर. कॉम्प्रेस्ड एअरने हात साफ करणं बंद करायला सांगायचं. बेसिनवर घासण्याची भरड पेस्ट असेल तर ती फक्त खरोखर काळ्या, तेलकट हातांसाठी. बाकी वेळी सौम्य साबण. ‘हातमोजे घाला’ असं पटकन सांगून मोकळं होऊ नका. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजा अडकला की हात आत ओढला जातो, तिथे हातमोज्यांना मनाईच असते. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा: आधी पदार्थ बदलता येतो का, मग झाकण आणि शिंतोडे अडवणारी सोय, मग कामाची वाटणी, आणि सगळ्यात शेवटी क्रीम आणि हातमोजे. या सगळ्याचं एक पानाचं टिपण कंपनीप्रमुखाला, प्रत बेट्रीब्सराटला. त्यात तिघांपैकी कोणाचंही नाव नाही. छोट्या विभागात ‘तीन ऑपरेटर’ असंसुद्धा लिहू नका; सहा जणांच्या विभागात तीन कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

त्या तिघांसाठी वेगळी वाट आहे. त्यांच्या संमतीने त्वचारोगतज्ज्ञाकडून अपघात विमा संस्थेला अहवाल जातो आणि रोग पक्का व्हायच्या आधीच उपचाराचा, क्रीमचा, प्रशिक्षणाचा खर्च ती संस्था उचलते. या संस्था म्हणजे ‘बेरूफ्सगेनोसनशाफ्ट’, 1884 च्या अपघात विमा कायद्यातून जन्मलेल्या. त्यांची वर्गणी मालक भरतात, कामगाराच्या पगारातून काही कापत नाहीत. व्यवसायजन्य रोगाचा सबळ संशय आला तर कळवणं प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि इथे मात्र कामगाराची परवानगी लागत नाही. त्याला सांगायचं मात्र असतं. पूर्वी त्वचारोगासारख्या काही रोगांना मान्यता मिळायला ते काम सोडावंच लागायचं. ही अट 1 जानेवारी 2021 पासून गेली. जुनी पुस्तकं वाचून परीक्षेला बसणारे इथे हमखास चुकतात.

श्रवणचाचणीबद्दल थोडंच सांगते. ती शिफ्टच्या आधी घ्या, शिफ्टनंतर नाही. आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या कानाचा ऐकू येण्याचा उंबरठा तात्पुरता सरकलेला असतो. आवाजाने झालेली हानी दोन्ही कानांत साधारण सारखी, आलेखात 4 किलोहर्ट्झजवळ खड्डा असलेली दिसते. एकाच कानात उतार असेल तर कारखान्याला दोष देण्याआधी कानाच्या डॉक्टरकडे पाठवा.

कंपनीला डॉक्टर किती तास घ्यावा लागतो, हेही समजून घ्या, कारण तुमची नोकरी त्या तासांवर चालते. धोक्यानुसार आस्थापनांचे तीन गट आहेत: माणशी वर्षाला 2.5, 1.5 किंवा 0.5 तास. हे तास डॉक्टर आणि सिफा मिळून. त्यात प्रत्येकाचा वाटा किमान 20 टक्के. समजा दुसऱ्या गटातला 120 माणसांचा कारखाना आहे. 120 गुणिले 1.5 म्हणजे 180 तास. 20 टक्के म्हणजे डॉक्टरला किमान 36. तोच कारखाना तिसऱ्या गटात असता तर एकूण 60 तास, 20 टक्क्यांनी 12. या तासांत प्रवास धरत नाहीत, आणि वर सांगितलेल्या तपासण्यांचा वेळही यात नाही, तो वेगळा ठरवतात. कंपन्या नेमकी इथे गल्लत करतात: वर्षाचे सगळे तास तपासण्यांत घालवतात आणि मशीनपाशी जायला डॉक्टरकडे वेळच उरत नाही. हे पहिल्याच बैठकीत निस्तरा. 20 पेक्षा जास्त माणसं असतील तिथे सुरक्षा समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते, त्यात तुमची खुर्ची असते.

तुमच्या कामाचा आणखी एक मोठा तुकडा म्हणजे आजारातून परतणारी माणसं. बारा महिन्यांत सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारी असलेल्याला कंपनीने परतीच्या नियोजनाची बैठक देऊ करायची असते. घ्यायची की नाही ते तो ठरवतो. कमरेच्या ऑपरेशननंतरचा माणूस आधी दोन आठवडे दोन तास, मग चार, मग सहा, असा चढत जातो. या काळात तो कागदोपत्री आजारीच असतो आणि बहुतेकदा पैसे आरोग्य विम्याकडून येतात. ही पायरी-योजना त्याचा उपचार करणारा डॉक्टर लिहितो. तुम्ही सांगायचं की त्या दोन तासांत कुठलं काम खरोखर जमेल. कारण तुम्ही ते मशीन पाहिलेलं असतं, त्याने नाही.

आता रस्ता. पहिला टप्पा ‘अप्रोबात्सियोन’, म्हणजे कायमचा वैद्यकीय परवाना. भाषेचं बी2 आणि त्यावर वैद्यकीय भाषेची परीक्षा, जी सी1 पातळीची असते: वीस मिनिटं रुग्णाशी बोलणं, वीस मिनिटं लेखन, वीस मिनिटं डॉक्टरशी चर्चा. भारतीय पदवीची समकक्षता कागदांवर मान्य झाली नाही तर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते, भर मेडिसिन आणि सर्जरीवर. ती दोनदा पुन्हा देता येते. चार वर्षं कारखान्यात काढलेल्याला पोट तपासण्याची सवय मोडलेली असते. त्याची तयारी आत्तापासून करा.

दुसरा टप्पा ‘फाखआर्ट्स्ट’, म्हणजे विशेषज्ञ. एकूण 60 महिने. त्यातले 24 थेट रुग्णसेवेच्या शाखेत, उरलेले व्यवसायजन्य आरोग्यात, आणि 360 तासांचा अभ्यासक्रम जो सलग न करता तुकड्यांत करता येतो. शेवटी तोंडी परीक्षा. भारतातला रुग्णसेवेचा काही काळ 24 महिन्यांत धरला जाऊ शकतो. तो निर्णय राज्याच्या वैद्यक मंडळाचा, म्हणून नोकरी धरण्याआधीच लेखी विचारा. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी केलेला तीन महिन्यांचा एएफआयएच ज्ञान म्हणून फार उपयोगी पडेल, पण 360 तासांऐवजी चालेल असं गृहीत धरू नका. हे 24 महिने शक्य असेल तर मेडिसिनमध्ये काढा. दमा, हृदय, मधुमेह यांची पकड नंतर रोज लागते.

सगळ्यात महाग पडणारी चूक नोकरी निवडताना होते. तुमचा काळ मोजला जायला तुमच्या वरिष्ठाकडे प्रशिक्षण देण्याचा परवाना असावा लागतो, आणि तो कधीकधी बारा किंवा चोवीस महिन्यांपुरताच असतो. परवाना नसलेल्याच्या हाताखाली दोन वर्षं राबलात तर पगार मिळतो, महिने मिळत नाहीत. अर्धवेळ काम केलं तर काळ त्या प्रमाणात लांबतो.

नोकऱ्या तीन तऱ्हेच्या. मोठ्या कारखान्याचा स्वतःचा विभाग: एकाच जागेची खोल ओळख होते, बहुधा आपत्कालीन सेवाही सांभाळावी लागते. अनेक कंपन्यांना सेवा देणाऱ्या संस्था: आज बेकरी, उद्या वृद्धाश्रम, परवा गोदाम, शिकायला उत्तम, पण गाडी चालवणं भरपूर, म्हणून जर्मन लायसन्स लवकर काढा. तिसरी स्वतंत्र प्रॅक्टिस, ती विशेषज्ञ झाल्यावर. रात्रपाळ्या जवळजवळ नसतात; लहान मुलं असलेले अनेक डॉक्टर हॉस्पिटल सोडून इकडे येतात ते त्यामुळेच.

मुलाखतीत चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी मागा: प्रशिक्षणाचा परवाना कोणाच्या नावावर आणि किती महिन्यांचा, 360 तासांच्या अभ्यासक्रमाची फी आणि रजा कोण देणार, आठवड्यातला किती वेळ तपासणीच्या खोलीत आणि किती शॉपफ्लोअरवर, आणि पहिल्या सहा महिन्यांत कारखान्याच्या फेरीला सोबत कोण येणार. तिसऱ्या प्रश्नाला ‘जवळजवळ सगळा वेळ तपासणीत’ असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा.